टाइपमधून निघालेलं एपीआय डॉक्युमेंटेशन नेमकं कुठे चुकतं?

मोजणीदार

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेतली सर्व्हंट आणि स्काला या भाषेतली टॅपिर या लायब्रऱ्यांमागची कल्पना साधी आहे. वेब एपीआयचं वर्णन एकदाच करायचं, तेही कंपायलरला कळेल असं, आणि सर्व्हर, क्लायंट, डॉक्युमेंटेशन हे तिन्ही त्याच वर्णनातून काढायचं. हँडलर (रिक्वेस्टला उत्तर देणारा कोड) आणि वर्णन जुळलं नाही तर कोड कंपाइलच होत नाही. म्हणून डॉक्युमेंटेशन शिळं होऊच शकत नाही, असं सांगितलं जातं.

माझं म्हणणं असं की ते चुकतं, आणि चुकण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. ती या धाग्यात गोळा करूया. चर्चा हवेत नको म्हणून एक उदाहरण घेतो: बाजार समित्यांचे रोजचे भाव देणारी सेवा. एका नोंदीत बाजार, शेतमाल, तारीख, आवक (क्विंटल), आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर (रुपये प्रति क्विंटल). कोड वाचायला सोपा जावा म्हणून नावं देवनागरीत लिहितोय.

```
टाइप भावएपीआय =
       "बाजार" :> कॅप्चर "कोड" बाजारकोड :> "भाव"
         :> क्वेरीपॅरम "शेतमाल" शेतमाल
         :> क्वेरीपॅरम "तारीख" डे
         :> गेट '[जेसन] [भावनोंद]
  :<|> "भाव"
         :> रेकबॉडी '[जेसन] नवीनोंद
         :> पोस्टक्रिएटेड '[जेसन] भावनोंद
```

यावरून ओपनएपीआयची (एपीआयचं वर्णन करायच्या प्रमाणित साच्याची) फाइल निघते आणि स्वॅगर यूआयमध्ये, म्हणजे ती दाखवणाऱ्या वेबपानात, छान दिसते. आता ही फाइल प्रमाण मानून दुसऱ्या टीमने मोबाइल ॲप लिहिलं, तर त्यांची फसगत कुठे होईल?

---

शून्यवादी

सगळ्यात मोठं भोक एररचं. सर्व्हंटचा ‘हँडलर’ म्हणजे आतून आयओवर चढवलेला एक्सेप्ट-टी (एरर देऊ शकणारं वेष्टण), आणि त्यात एररचा टाइप ‘सर्व्हरएरर’ असा एकच ठरलेला. त्याच बाजाराची, त्याच तारखेची नोंद आधीच असेल तर हँडलरमधून ‘थ्रोएरर एरर४०९’ करता येतं (४०९ हा ‘आधीच्या नोंदीशी टक्कर’ सांगणारा एचटीटीपी स्टेटस) आणि कंपायलर काहीही विचारत नाही. वरच्या टाइपमध्ये ४०९ कुठेही नाही, म्हणजे फाइलमध्येही नाही. ॲप लिहिणाऱ्याला पोस्ट केलं की २०१ (नोंद तयार झाली) मिळतो, एवढंच दिसतं.

उपाय म्हणजे उत्तरांची यादी टाइपमध्ये लिहायची. आवृत्ती ०.१८ पासून त्यासाठी ‘यूव्हर्ब’ आहे:

```
यूव्हर्ब 'पोस्ट '[जेसन]
  '[ विथस्टेटस २०१ भावनोंद
   , विथस्टेटस ४०९ आधीचनोंद ]
```

हँडलरमध्ये ‘रिस्पाँड’ वापरून उत्तर द्यायचं. यादीत नसलेला टाइप दिला तर कंपाइल होत नाही. यादीत एकच टाइप दोनदा चालत नाही, म्हणून ४०४ आणि ४०९ दोन्हींसाठी एकच ‘संदेश’ टाइप वापरायचा असेल तर विथस्टेटसची गुंडाळी लागतेच.

एक लक्षात ठेवा, यूव्हर्ब घेतल्यावरही थ्रोएररचं दार उघडंच राहतं. व्यवसायाच्या नियमांतल्या चुका यूव्हर्बमधून आणि थ्रोएरर फक्त अनपेक्षित बिघाडासाठी, असा नियम टीमने ठरवून घ्यावा लागतो. नियम पाळला जायला हवा असेल तर हँडलर स्वतःच्या मोनाडमध्ये (हँडलर काय काय करू शकतो ते ठरवणाऱ्या टाइपमध्ये) लिहा, त्याला एररचा इन्स्टन्स (टाइपला एखादी क्षमता देणारी व्याख्या) देऊच नका आणि ‘हॉइस्टसर्व्हर’ने शेवटी हँडलरमध्ये उतरवा. मग आतून थ्रोएरर करताच येत नाही.

---

कंसात_कंस

@शून्यवादी, नेमक्या याच बाबतीत टॅपिर मला उजवी वाटते. तिथे एंडपॉइंट हा टाइप नसून साधं मूल्य आहे, आणि त्याच्या टाइप पॅरामीटरमध्ये एररला स्वतःची जागा आहे: सुरक्षेचा इनपुट, इनपुट, एरर, आउटपुट, आणि सर्व्हरच्या क्षमता. सर्व्हरचं लॉजिक ‘ईदर’च परत करतं, त्यामुळे एरर बाजूला टाकून पुढे जाता येत नाही.

तरी एक सापळा तिथेही आहे. वेगवेगळ्या एररला वेगवेगळे स्टेटस द्यायला ‘वनऑफ’ आणि ‘वनऑफव्हेरिएंट’ लागतात. व्हेरिएंटची निवड रनटाइमला, क्लास बघून होते. म्हणजे:

सील्ड ट्रेटमध्ये (ठरलेल्या केसच असलेल्या टाइपमध्ये) उद्या नवी केस आली (समजा, ‘बाजारबंद’) आणि वनऑफमध्ये ती जोडायला विसरलात, तर कंपायलर गप्प बसतो. पॅटर्न मॅचिंगमध्ये मिळते ती ‘सगळ्या केस झाल्या का’ ही सूचना इथे मिळत नाही. रनटाइमला जुळणारा व्हेरिएंट सापडत नाही आणि ग्राहकाला ५०० (सर्व्हरमधला बिघाड) जातो.

व्हेरिएंट वरून खाली तपासले जातात, म्हणून विशिष्ट आधी आणि सर्वसाधारण शेवटी. आणि टाइप जेनेरिक असेल तर इरेजरमुळे (रनटाइमला टाइपचे तपशील पुसले जातात म्हणून) क्लास बघून भेद करता येत नाही, तिथे ‘वनऑफव्हेरिएंटव्हॅल्यूमॅचर’ घ्यावा लागतो.

यावर साधी चाचणी: एररच्या प्रत्येक केसचं एक मूल्य घ्या, स्टब सर्व्हरमधून (चाचणीपुरत्या खोट्या सर्व्हरमधून) बाहेर काढा, स्टेटस तपासा. केसची यादी मात्र एका पॅटर्न मॅचमधून बनवा, म्हणजे नवी केस आली की निदान चाचणीच्या फाइलमध्ये तरी कंपायलर ओरडेल.

---

रानजाई

वाखूसा (वाचनखूण साठवली). येऊ द्या अजून.

---

दगडफूल

दुसरं भोक: जेसन कोडेक (मूल्याचं जेसन मजकुरात आणि उलट रूपांतर करणारा कोड) आणि स्कीमा (त्या जेसनच्या रचनेचं वर्णन) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच टाइपवरून निघतात म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

हास्केलमध्ये भावनोंदीला ‘टूजेसन’चा एक इन्स्टन्स आणि ‘टूस्कीमा’चा दुसरा. समजा कोणी टूजेसनच्या ऑप्शन्समध्ये ‘फील्डलेबलमॉडिफायर’ लावून उंटकेसची नावं सापकेस केली, पण टूस्कीमा रिकामाच डिराइव्ह केला (कंपायलरकडून आपोआप बनवून घेतला). तारेवर ‘किमान_दर’ जातं आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ‘किमानदर’ दिसतं. सगळं बिनतक्रार कंपाइल होतं.

दोन गोष्टी करा. पहिली, ऑप्शन्सचं मूल्य एकच ठेवा, त्याला नाव द्या, आणि स्कीमाच्या बाजूला तेच ‘फ्रॉमएसनऑप्शन्स’मधून पाठवा. दुसरी, सर्व्हंट-ओपनएपीआय३ मध्ये ‘व्हॅलिडेटएव्हरीटूजेसन’ नावाची तयार चाचणी आहे ती लावा. एपीआयच्या टाइपमध्ये जेसन म्हणून जाणारे-येणारे सगळे टाइप ती स्वतः शोधते, प्रत्येकाचे क्विकचेकने (यादृच्छिक मूल्यं बनवणाऱ्या लायब्ररीने) १०० नमुने बनवते आणि स्कीमाशी ताडून बघते. स्कीमात नसलेली कळ जेसनमध्ये दिसली तरी नापास करते, त्यामुळे वरची सापकेसची गडबड पहिल्याच फेरीत सापडते. प्रत्येक टाइपला ‘आर्बिट्ररी’चा इन्स्टन्स लागतो, तेवढे कष्ट आहेत.

पण तिच्या मर्यादाही ओळखा. ती फक्त बाहेर जाणारी बाजू बघते. ‘फ्रॉमजेसन’साठी वेगळी चाचणी हवी: एन्कोड करून परत डीकोड केलं की मूळ मूल्य यायला हवं. दुसरी मर्यादा नलची. ‘मेबी’ असलेलं, म्हणजे ऐच्छिक, क्षेत्र स्कीमामध्ये फक्त ‘आवश्यक नाही’ असं उतरतं, नल चालतो असं नाही. एसन (हास्केलची जेसन लायब्ररी) मात्र डीफॉल्टने ‘नथिंग’ (मूल्य नाही) असेल तिथे कळ ठेवून नल पाठवते. म्हणजे फाइल म्हणते ‘कळ नसेल किंवा स्ट्रिंग असेल’ आणि तारेवर येतो नल. चाचणी हे सोडून देते, कारण आवश्यक नसलेल्या क्षेत्रातला नल ती मान्य करते. फाइल बघून बनवलेला कडक क्लायंट मात्र तिथेच आपटतो. ‘ओमिटनथिंगफील्ड्स’ चालू करा, फाइल खरी होते.

टॅपिरमध्ये हीच गोष्ट: सिर्सी (स्कालाची जेसन लायब्ररी) आणि टॅपिरची स्कीमा स्वतंत्र डिराइव्ह होतात. सिर्सीला सापकेस सांगितलं तर टॅपिरच्या कॉन्फिगरेशनलाही ते वेगळं सांगावं लागतं. सील्ड ट्रेटच्या डिस्क्रिमिनेटरचंही (कोणती केस ते सांगणाऱ्या क्षेत्राचंही) तसंच.

---

काळा_मसाला

धाग्यातल्या उदाहरणात अजून एक भीती आहे. किमान, कमाल, सर्वसाधारण हे तिन्ही दर ‘इंट’ असतील, तर कन्स्ट्रक्टरला क्रम चुकवून दिले तरी कंपाइल होणार. डॉक्युमेंटेशन बरोबर, डेटा उलटा. रेकॉर्ड नेहमी नावं लिहूनच बनवा, आणि एककासाठी न्यूटाइप (जुन्या टाइपला वेगळं नाव देऊन केलेला नवा टाइप) घ्या: ‘क्विंटल’, ‘रुपयेप्रतिक्विंटल’. किरकोळ भाव किलोचा असतो आणि बाजार समितीचा क्विंटलचा. शंभरपटीचा फरक आहे, नुसता ‘इंट’ तो कुठेही सांगत नाही.

हीच गोष्ट हँडलरची. ‘:<|>’ने जोडलेले हँडलर फक्त क्रमाने जुळतात. ‘आजचे भाव’ आणि ‘कालचे भाव’ अशा दोन एंडपॉइंटचा टाइप एकच असेल आणि हँडलर उलटे लावले, तर कंपायलरला काहीच वावगं दिसत नाही. आवृत्ती ०.१९ मध्ये ‘नेम्डरूट्स’ आलं आहे, एपीआय रेकॉर्ड म्हणून लिहा:

```
डेटा भावरूट्स मोड = भावरूट्स
  { आजचे  :: मोड :- "आज"  :> गेट '[जेसन] [भावनोंद]
  , कालचे :: मोड :- "काल" :> गेट '[जेसन] [भावनोंद]
  } डिराइव्हिंग जेनेरिक
```

हँडलर नावाने जुळतात. आणि एररचे संदेशही पुष्कळ वाचनीय होतात. वीस एंडपॉइंटच्या साखळीत एक हँडलर चुकला की येणारी पानभर टाइप-एरर ज्याने वाचली आहे त्याला हे पटेल.

---

टंकलेखक

काळा_मसाला यांच्याशी अर्धाच सहमत. न्यूटाइप केलं म्हणजे सुरक्षित झालं, हा समज मला धोकादायक वाटतो.

पिनकोड घ्या. सहा अंकी, पहिला अंक शून्य नाही. तुम्ही न्यूटाइप केलात, तपासणारा स्मार्ट कन्स्ट्रक्टर लिहिलात, मूळ कन्स्ट्रक्टर मॉड्यूलच्या बाहेर दिला नाहीत. आणि मग सवयीने लिहिलंत: ‘डिराइव्हिंग न्यूटाइप (फ्रॉमजेसन, फ्रॉमएचटीटीपीएपीआयडेटा)’. संपलं. डिराइव्ह झालेला डीकोडर आतल्या टेक्स्टचा डीकोडर जसाच्या तसा वापरतो, तुमचा स्मार्ट कन्स्ट्रक्टर बाजूलाच राहतो. नेटवर्कवरून येणारा कचरा आता ‘पिनकोड’ या प्रतिष्ठित नावाने आत फिरतो. आतल्या कोडने त्यावर विश्वास ठेवलेला असतो, म्हणून हे न्यूटाइप नसण्यापेक्षाही वाईट.

बाहेर जाणारे इन्स्टन्स खुशाल डिराइव्ह करा. आत येणारे हाताने लिहा:

```
इन्स्टन्स फ्रॉमजेसन पिनकोड व्हेअर
  पार्सजेसन = विथटेक्स्ट "पिनकोड"
    (ईदर फेल प्युअर . बनवापिनकोड)

इन्स्टन्स फ्रॉमएचटीटीपीएपीआयडेटा पिनकोड व्हेअर
  पार्सयूआरएलपीस = मॅपलेफ्ट टीपॅक . बनवापिनकोड
```

‘बनवापिनकोड’ टेक्स्ट घेतो आणि ‘ईदर स्ट्रिंग पिनकोड’ देतो. तिसरी जागा स्कीमाची: पॅटर्न हाताने द्यावा लागतो. तो रेगेक्स एका स्थिरांकात ठेवून तपासणीतही तोच वापरला, तर कोड आणि डॉक्युमेंटेशन वेगळं पडत नाही. आयएफएससीचंही असंच: ११ अक्षरं, पहिली ४ अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली ६ शाखेची. आणि पिनकोड इंट म्हणून ठेवू नका. आपल्याकडे पहिला अंक शून्य नसतो म्हणून चालून जातं, पण अमेरिकेतल्या झिपकोडची सुरुवात शून्याने होऊ शकते. तिथे पुढचं शून्य गळतं.

---

काळा_मसाला

@टंकलेखक, मान्य. एककांच्या न्यूटाइपला तपासणी फारशी नसते, म्हणून डिराइव्ह चालतं. नियम असलेल्या न्यूटाइपला नाही. हा फरक मी लिहायला हवा होता.

---

नवशिका_८

प्रश्न अगदी प्राथमिक आहे. क्वेरीपॅरम ‘तारीख’ लिहिलं की हँडलरमध्ये ‘मेबी डे’ येतो. तारीख सक्तीची असेल तर प्रत्येक ठिकाणी नथिंगची केस हाताळायची का?

---

शून्यवादी

नाही. मागे एक अवतरणचिन्ह लावलेला ‘क्वेरीपॅरम'’ आहे, त्याला विशेषणांची यादी देता येते:

```
क्वेरीपॅरम' '[रिक्वायर्ड, स्ट्रिक्ट] "तारीख" डे
```

हँडलरला सरळ ‘डे’ मिळतो, पॅरामीटर नसेल तर ४०० (रिक्वेस्ट चुकीची) आपोआप जातो, आणि फाइलमध्येही तो आवश्यक म्हणून दिसतो. ‘लेनियंट’ लावलंत तर चुकीच्या मूल्यावर ४०० न जाता हँडलरला ‘ईदर टेक्स्ट डे’ मिळतो. एररचा मजकूर स्वतः ठरवायचा असेल तर हे उपयोगी.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सर्व्हंट अनोळखी पॅरामीटर मुकाट सोडून देते. ॲपवाल्याने ‘तारीख’ऐवजी ऱ्हस्व ‘तारिख’ लिहिलं, तर ऐच्छिक पॅरामीटरच्या बाबतीत एरर येत नाही. गाळणी लागतच नाही आणि सगळ्या तारखांचे भाव मिळतात. सक्तीचा केला तर तेच ऱ्हस्व-दीर्घ लगेच पकडलं जातं. शक्य तिथे सक्तीचाच ठेवा.

---

अवकाळी

तारखेचा विषय निघालाच आहे तर.

बाजारभावाची तारीख हा कॅलेंडरचा दिवस आहे, क्षण नाही. तिला ‘डे’ हाच टाइप हवा, ‘यूटीसीटाइम’ नको. ५ नोव्हेंबरची मध्यरात्र भारतीय वेळेत धरून यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) नेली की ती ४ नोव्हेंबर संध्याकाळी ६:३० होते. पुढे कोणी तिचा फक्त दिवस काढला की सगळे भाव एक दिवस मागे सरकतात. दोन्ही बाजूंना टाइप बरोबर, फाइल बरोबर, आकडे चूक.

‘नोंद कधी अपलोड झाली’ ही मात्र क्षणाची गोष्ट, तिथे यूटीसीटाइम योग्य. पण तो क्वेरीत घेत असाल तर जपून. ‘+०५:३०’ तसंच यूआरएलमध्ये लिहिलं की अधिकचं चिन्ह डीकोड होताना मोकळी जागा बनतं आणि पार्सर ४०० देतो. टाइपवरून काढलेला सर्व्हंट क्लायंट एन्कोडिंग स्वतः करतो. हाताने स्ट्रिंग जोडून यूआरएल बनवणाऱ्याला हे सांगितल्याशिवाय कळत नाही. पॅरामीटरच्या वर्णनात एक वाक्य लिहा: ‘वेळ यूटीसीमध्ये द्या, किंवा अधिकच्या चिन्हाचं पर्सेंट एन्कोडिंग करा.’

---

उतारपेठ

थोडं अवांतर. आमच्यासारख्या टाइपस्क्रिप्टवाल्यांनी काय करावं? टीमला हास्केल शिकवणं शक्य नाही.

---

कंसात_कंस

अवांतर मुळीच नाही. टाइपस्क्रिप्टचे टाइप रनटाइमला उरत नाहीत, हा मुख्य फरक. आलेल्या जेसनला ‘ॲज भावनोंद’ लावलं तर तपासणी शून्य, तुम्ही कंपायलरला फक्त वचन दिलंत. म्हणून स्कीमा हे मूल्य म्हणून लिहायचं आणि टाइप त्यातून काढायचा, उलट नाही. झॉड या लायब्ररीत असंच चालतं. इफेक्ट लायब्ररीत स्कीमा एन्कोड आणि डीकोड दोन्ही बाजू सांभाळते आणि तिच्या एचटीटीपीएपीआय मॉड्यूलमधून सर्व्हर, क्लायंट आणि ओपनएपीआय तिन्ही निघतात. विचार टॅपिरसारखाच: वर्णन म्हणजे मूल्य.

सर्व्हर हास्केलचा आणि क्लायंट जावास्क्रिप्टचा असेल तर ६४ बिटी आयडी आकडा म्हणून पाठवू नका. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच अचूक पूर्णांक ठेवतो, त्यापुढे शेवटचे अंक निमूट बदलतात. आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा आणि स्कीमातही स्ट्रिंगच लिहा.

---

मोजणीदार

मस्त चाललंय. एक भोक माझ्याकडून. सर्व्हंट-ओपनएपीआय३ काही उत्तरं आपणहून जोडते: कॅप्चर असेल तिथे ४०४, रेकबॉडी असेल तिथे ४००. पण बाजारकोड पार्स झाला नाही तर सर्व्हर डीफॉल्टने ४०० देतो, ४०४ नाही. फाइल एक सांगते, सर्व्हर दुसरं करतो, आणि दोन्हीकडे आपण एक अक्षरही लिहिलेलं नाही.

दुसरं, हे डीफॉल्ट एरर साध्या मजकुरात येतात, जेसनमध्ये नाही. ‘उत्तर जेसनच असणार’ असं धरलेला क्लायंट पार्स करताना कोसळतो, आणि खरा एरर कुठेच दिसत नाही.

०.१८ पासून ‘एररफॉर्मॅटर्स’ आहेत. कॉन्टेक्स्टमधून बॉडीचा, यूआरएल तुकड्याचा, हेडरचा आणि ‘सापडलं नाही’चा असे चार फॉर्मॅटर देता येतात. चारही द्या, एक विसरला तरी तिथून मजकूर गळतो. साचा म्हणून आरएफसी ९४५७ (एररच्या उत्तराचं मानक) वापरा: टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स. २०२३ साली त्याने २०१६ च्या ७८०७ ची जागा घेतली. कॅप्चरची तफावत मिटवायला यूआरएलच्या फॉर्मॅटरमधून ४०४ द्या, पण फक्त कॅप्चरसाठी: क्वेरीच्या चुकाही याच फॉर्मॅटरमधून जातात, त्यांना ४०० च राहू द्या. मग फाइल खरी ठरते.

---

दगडफूल

@मोजणीदार, याच्याच जोडीला ऑथेंटिकेशन. सर्व्हंटमध्ये एंडपॉइंटला टोकनचं कुलूप लावणाऱ्या ‘ऑथप्रोटेक्ट’साठी ओपनएपीआयचा इन्स्टन्स तयार मिळत नाही, आपण लिहावा लागतो. घाईत बहुतेक जण तो नुसता आतल्या एपीआयकडे ढकलून देतात. कंपाइल होतं, फाइल निघते, आणि फाइलनुसार भाव अपलोड करायला कसलंही टोकन लागत नाही! इन्स्टन्समध्ये सुरक्षेची योजना, ती लागू असल्याची नोंद आणि ४०१ ही तिन्ही घाला.

तपासणीचा क्रमही लिहून ठेवण्यासारखा आहे: आधी पाथ, मग मेथड (४०५), मग ऑथ (४०१), मग कंटेंट-टाइप आणि ॲक्सेप्ट (४१५, ४०६), मग क्वेरी, शेवटी बॉडी. टोकन चुकलं आणि बॉडीही चुकली तर ४०१ च मिळणार. चाचण्या लिहिणाऱ्यांना हे माहीत असावं.

---

टंकलेखक

पाथवरून आठवलं. "बाजार" :> कॅप्चर "कोड" टेक्स्ट हे आधी आणि "बाजार" :> "यादी" हे नंतर असेल, तर ‘यादी’ हा शब्दच कोड म्हणून गिळला जातो आणि यादीचा एंडपॉइंट कधीच चालत नाही. फाइलमध्ये मात्र दोन्ही दिमाखात दिसतात. स्थिर पाथ आधी लिहा, किंवा कोडला कडक पार्सर द्या: पार्स न झालेला कॅप्चर पुढच्या पर्यायाला वाट देतो. टॅपिरमध्ये ‘एंडपॉइंटव्हेरिफायर’ हे झाकले गेलेले एंडपॉइंट चाचणीतच शोधून देतो.

---

रानजाई

पॅचबद्दल (नोंदीतली काहीच क्षेत्रं बदलणाऱ्या रिक्वेस्टबद्दल) कोणी बोललं नाही अजून. ‘टीप’ हे क्षेत्र ऐच्छिक आहे. पॅचमध्ये कळ नाही म्हणजे ‘हात लावू नका’, आणि नल म्हणजे ‘पुसून टाका’. मेबीमध्ये दोन्ही नथिंगच होतात.

---

शून्यवादी

@रानजाई, बरोबर, तीन अवस्था आहेत आणि मेबीत दोनच मावतात. स्वतःचा टाइप करा: ‘तसंचठेवा’, ‘पुसा’, ‘बदला अ’. पार्सर हाताने लिहा, आणि ‘.:?’ नको, ‘.:!’ वापरा. ‘.:?’ला कळ नसणं आणि नल सारखंच. ‘.:!’ फक्त कळ नसेल तेव्हाच नथिंग देतो, नल आतल्या पार्सरकडे पोचवतो. आतला पार्सर ‘मेबी टेक्स्ट’चा ठेवला की तिन्ही अवस्था वेगळ्या मिळतात.

स्कीमामध्ये ओपनएपीआय ३.० असेल तर ‘नलेबल: ट्रू’ लिहावं लागतं. २०२१ च्या ३.१ मध्ये तो शब्दच गेला, टाइपच्या यादीत स्ट्रिंग आणि नल असं लिहितात. क्लायंट बनवणारं तुमचं टूल यातली कोणती आवृत्ती वाचतं ते आधी तपासा.

---

उतारपेठ

आणि कंपाइलला लागणारा वेळ? मोठ्या सर्व्हंट प्रोजेक्टबद्दल ही तक्रार सतत ऐकू येते.

---

काळा_मसाला

तक्रार रास्त आहे. अख्खा एपीआय एका टाइपमध्ये, एका मॉड्यूलमध्ये असेल तर एक क्षेत्र बदललं की सगळं परत. तीन पॅकेज करा: फक्त टाइप आणि इन्स्टन्स असलेलं, सर्व्हरचं, क्लायंटचं. क्लायंट वापरणाऱ्याला सर्व्हरचा डेटाबेस कोड कंपाइल करावा लागत नाही हा वेगळा फायदा. स्कीमाचे इन्स्टन्स टाइपच्याच शेजारी ठेवा, वेगळ्या मॉड्यूलमध्ये अनाथ इन्स्टन्स करू नका. एपीआयचे विषयवार नेम्डरूट्स वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये, आणि रोजच्या कामात ऑप्टिमायझेशन बंद.

---

अवकाळी

मूळ प्रश्नाकडे येतो. वर जे जे निघालं ते सगळं एकाच बिल्डच्या आतलं आहे. टाइपची हमी एका कंपाइलपुरती असते. फोनवर बसलेलं सहा महिन्यांपूर्वीचं ॲप तुमच्या आजच्या कंपायलरला दिसत नाही.

इथे दिशा बघा. शेतमालाच्या प्रकारात नवा कन्स्ट्रक्टर आला: क्लायंटकडून येणाऱ्या बाजूला हा बदल निरुपद्रवी, जुना क्लायंट तो पाठवणारच नाही. उत्तरात मात्र जुन्या क्लायंटला अनोळखी शब्द दिसतो आणि तो मोडतो. क्षेत्र सक्तीचं करणं याच्या उलट: उत्तरात चालतं, रिक्वेस्टमध्ये मोडतं. एकच टाइप दोन्हीकडे वापरलात तर दोन्ही दिशांची बंधनं एकाच टाइपवर येतात. म्हणून उदाहरणात ‘नवीनोंद’ आणि ‘भावनोंद’ वेगळे ठेवलेत ते योग्यच आहे.

व्यवहारात: ओपनएपीआय फाइल लिहिणारा छोटा प्रोग्राम ठेवा, निघालेली फाइल गिटमध्ये ठेवा. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) ती परत काढा आणि फरक आला तर बिल्ड पाडा. म्हणजे एपीआयचा प्रत्येक बदल रिव्ह्यूमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्यावर ‘ओएसडिफ’ चालवा: मुख्य ब्रांचची फाइल आणि तुमची फाइल दिली की कोणते बदल जुन्या क्लायंटला मोडतील ते सांगतो.

---

दगडफूल

आणि माणसाने लिहायचा मजकूर. हास्केलच्या कॉमेंट ओपनएपीआयमध्ये जात नाहीत. एंडपॉइंटच्या टाइपमध्ये ‘समरी’ आणि ‘डिस्क्रिप्शन’ लिहा, क्षेत्रांचं वर्णन टूस्कीमाच्या इन्स्टन्समध्ये. टॅपिरमध्ये केस क्लासच्या क्षेत्रावर ‘डिस्क्रिप्शन’ची ॲनोटेशन चालते.

तिथे ‘किमान दर: किमान दर’ असलं लिहू नका. टाइपला जे सांगता येत नाही तेच लिहा: दर रुपये प्रति क्विंटल आहे, बाजार बंद असेल त्या दिवशी यादी रिकामी येते आणि तो एरर नाही, नोंदी आवकेच्या उतरत्या क्रमाने येतात, तीच नोंद दोनदा पाठवली तर ४०९. उदाहरणं जेसनच्या स्ट्रिंग म्हणून चिकटवू नका. टाइप असलेलं मूल्य लिहून त्याचं जेसन करा, मग क्षेत्राचं नाव बदललं की उदाहरणही बदलतं.

---

मोजणीदार

सगळ्यांचे मनापासून आभार. @अवकाळी, एक शंका: फाइल गिटमध्ये ठेवली तर कळींच्या क्रमामुळे खोटे फरक येत नाहीत का? कोणी दोन मॉड्यूलची अदलाबदल केली की अर्धी फाइल हललेली दिसेल, आणि मग रिव्ह्यू करणारे फरक बघणंच सोडतील.

---

अवकाळी

येतात. एसन-प्रिटीने (जेसन नीट मांडून लिहिणाऱ्या लायब्ररीने) लिहा आणि ‘कॉन्फकंपेअर’ला ‘कंपेअर’ द्या, कळी अकारविल्हे लागतात. इंडेंट दोन मोकळ्या जागांचा ठेवा, म्हणजे एका क्षेत्राचा बदल एकाच ओळीत दिसतो. फाइलच्या ‘व्हर्जन’मध्ये गिटचा हॅश किंवा बिल्डची तारीख घालू नका, नाहीतर सीआय रोज पडेल. तो आकडा हाताने वाढवायचा, मोडणारा बदल असेल तेव्हाच.